‘गोळी आजच बंद करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

‘पार्किन्सन्सची गोळी पाच वर्षांत निकामी होते. आजच बंद करा, कवचबीजाचं चूर्ण घ्या. थरथर वयाचीच असते. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट म्हणजे लुटीचा धंदा, घरचं माणूस पुरेसं आहे.’ हा मेसेज लालबागच्या मावशीपर्यंत पोहोचला. तिने मला फोन करून विचारलं, "काकांची दुपारची गोळी थांबवू का रे?" आता गप्प बसवत नाही.

पार्किन्सन्सच्या या गोळीतलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा. ती गोळी एकाएकी थांबवली तर अंग कडक होतं, ताप चढतो, शुद्ध हरपू शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर थेट आयसीयू, आणि माणूस दगावूही शकतो. गोळी कमी करायचीच असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. ‘आजच बंद करा’ लिहिणाऱ्याने निदान याची तरी लाज बाळगावी.

‘पाच वर्षांत निकामी’ हे अर्धवट ऐकलेलं. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, हे खरं. पण त्यामागे मुख्यतः वाढत जाणारा आजार असतो. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेदरलँड्समधली चाचणी छापून आली. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना गोळी लगेच दिली, बाकीच्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. थांबून राहिल्याने कुणाचं काही वाचलं नाही.

कवचबीजात लेव्होडोपा असतं, मान्य. म्हणजे ज्याला शिव्या घालता तेच औषध, फक्त मोजमाप नाही! वयाचं म्हणाल तर चाळिशीतही हा आजार होतो, आणि थरथर नसलेलेही रुग्ण असतात.

आता ‘घरचं माणूस’. बाथरूमच्या दाराशी काकांचे पाय जागीच थबकायचे आणि मावशी मागून ढकलायची. फिजिओने फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. म्हणाली, ढकलू नका, पट्टी ओलांडायला सांगा. आता बहुतेक वेळा पाय उचलतो. हे मावशीला आपोआप कसं कळणार होतं? जेवताना ठसका लागून घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. स्पीच थेरपिस्ट ते गिळणंही तपासतात, नुसतं बोलणं नाही.

हे सगळे एका छताखाली क्वचितच मिळतात आणि टॅक्सीसकट खर्च परवडत नाही, एवढी तक्रार रास्त आहे. पण मुंबईतच २००१ पासून ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ आहे. तिचे मदतगट रुग्णांसाठी आहेत तसेच सांभाळणाऱ्यांसाठीही. मावशीला मी तिथेच जायला सांगितलंय, काकांना घेऊन.