डच वंश, इंग्रज वंश आणि रेल्वेची नोकरी

कॉलेजच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मित्र लिहून गेला, "हे सगळं रक्तातच असतं." विषय दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा होता. डच वंशाचे मुळात शेतकरी, चिवट, धार्मिक. इंग्रज वंशाचे मुळात व्यापारी डोक्याचे. म्हणून एकांकडे जमीन राहिली आणि दुसऱ्यांकडे पैसा गेला, असं त्याचं म्हणणं. त्याखाली लगेच आपल्याकडच्या जातींची यादी सुरू झाली. कुणाच्या रक्तात धंदा, कुणाच्या रक्तात शिक्षण, कुणाच्या रक्तात काहीच नाही. वाचून मला फार वाईट वाटलं.

मी प्रिटोरियात साडेतीन वर्षं राहिले आहे, एका आफ्रिकानेर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या, आजींच्या घरामागच्या दोन खोल्यांत, भाड्याने. तिकडे वयाने मोठ्या बाईला 'तान्नी' म्हणतात आणि पुरुषाला 'ओम', अगदी अनोळखी असले तरी. आपल्या मावशी-काकांसारखंच. त्यामुळे मीही त्यांना तान्नीच म्हणायचे. त्या देशाची गोष्ट मला पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकायला मिळाली. 'बेस्काइट' नावाचा कडक टोस्ट कॉफीत बुडवून खाता खाता, जशी आपण चहात खारी बुडवतो. पुढे मी वाचत गेले, आणि त्या गोष्टीतला गाळलेला भाग हळूहळू दिसायला लागला. पोस्ट लांब आहे, पण हे एकदा नीट लिहायचंच होतं.

आधी रक्ताचंच बघू. ज्या डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, त्याच कंपनीने १६५२ साली यान फान रीबेकला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, पाठवलं, जहाजांना ताजा भाजीपाला आणि पाणी मिळावं म्हणून. मागाहून जर्मन आले, १६८८ पासून ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, आले. आणि कंपनीने गुलाम आणले: मादागास्करहून, जावाकडून, बंगालमधून, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून. बंगालची आन्सेला नावाची एक गुलाम बाई पुढे मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने बासॉन आडनावाच्या माणसाशी लग्न केलं, आणि आजच्या कितीतरी आफ्रिकानेर घराण्यांच्या वंशावळीत ती आहे. म्हणजे ज्याला माझा मित्र डच रक्त म्हणतो, त्यात आपल्याकडचंही रक्त आहे. उलट केपमधल्या ज्या लाखो लोकांना सरकारने 'कलर्ड' म्हणून वेगळं काढलं, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज डच होते, आणि घरात त्यांची भाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून निघालेली आफ्रिकानेरांची भाषाच आहे. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक गोरे नाहीत. त्यांना मात्र डच वंशाचा म्हणून कुठलाच फायदा मिळाला नाही.

इंग्रजांनी केप आधी १७९५ मध्ये आणि मग कायमचं १८०६ मध्ये घेतलं. १८२० मध्ये सुमारे चार हजार इंग्रज वसाहतकरी आले. कचेरी, न्यायालय, बँक, बंदर, सगळीकडे इंग्रजी आली. १८३४ मध्ये गुलामगिरी गेली, आणि हे नवं राज्य न मानवलेले हजारो डच भाषक शेतकरी, ज्यांना बोअर म्हणतात, बैलगाड्या जुंपून आतल्या मुलखात निघून गेले. तिथल्या आफ्रिकी लोकांशी लढून त्यांनी जमिनी घेतल्या, दोन प्रजासत्ताकं उभी केली. मग १८८६ मध्ये त्यांच्याच जमिनीखाली, विटवाटर्सरांड नावाच्या डोंगरपट्ट्यात, सोनं सापडलं.

फरक पडला तो इथे. ते सोनं फार खोल होतं आणि दगडात अगदी विरळ. फावडं-टोपली घेऊन काढता येईल असं नव्हतंच. खोल शाफ्ट, यंत्रं, रसायनं, त्यासाठी प्रचंड भांडवल, आणि भांडवल लंडनच्या बाजारात होतं. कसबी खाणकामगार इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आले. जोहान्सबर्ग बोअरांच्या राज्यात उभं राहिलं, पण त्या शहराची भाषा पहिल्या दिवसापासून इंग्रजी. शेतातून आलेला बोअर तरुण तिथे निरक्षर परका. खाणीत तो मोठ्या संख्येने शिरला तोही १९०७ साली, इंग्रज कामगारांचा संप मोडायला.

त्याच्या थोडं आधीचं युद्ध तान्नींच्या घरात अजून संपलेलं नव्हतं. इंग्रज आणि बोअरांचं, १८९९ ते १९०२. इंग्रज फौजांनी सुमारे तीस हजार शेतघरं जाळली, गुरं मारली, आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे जवळपास २८ हजार बोअर माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. तान्नींची आजी बेथुलीच्या छावणीतून जिवंत परत आली, तिची दोन भावंडं आली नाहीत. हे सांगताना तान्नी नेहमी ओट्यावरचा कपडा विनाकारण घडी करायच्या. ब्लूमफाँटेनला या बायकामुलांचं स्मारक आहे, १९१३ सालचं. त्याच्या पायथ्याशी एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईच्या अस्थी ठेवल्या आहेत, कारण छावण्यांची अवस्था ब्रिटनला ओरडून सांगणारी तीच होती. मी तिथे जाऊन आले आहे. त्याच युद्धात काळ्या आफ्रिकी लोकांसाठीही वेगळ्या छावण्या होत्या आणि त्यांत नोंदले गेलेले मृत्यूच १४ हजारांवर आहेत. त्यांचा उल्लेख त्या स्मारकावर नव्हता. तान्नींच्या गोष्टीतही नव्हता.

युद्धानंतरची गरिबी आपल्याकडच्या कोरडवाहू गावातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. रोमन-डच कायद्याप्रमाणे शेत सगळ्या मुलांत वाटलं जायचं, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत तुकडे उरले. १८९६-९७ च्या बुळकांडीने गुरं संपवली. ज्यांची जमीन गेली ते दुसऱ्याच्या शेतावर 'बायवोनर' म्हणून राहायला लागले, वाट्याने कसत, मालकाच्या मर्जीवर. पुढे मालकालाही ते नकोसे झाले आणि ते शहराच्या कडेला झोपड्यांत आले. अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या पैशातून नेमलेल्या आयोगाने १९३२ मध्ये अहवाल दिला: सुमारे १८ लाख गोऱ्यांपैकी अंदाजे ३ लाख अगदी दरिद्री आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिकानेर. त्या काळात त्यांच्याविषयी काय बोललं जायचं? आळशी आहेत, पुढचा विचार करत नाहीत, मुलं फार होतात, शाळेचं महत्त्व कळत नाही. ही वाक्यं आपण आजही ऐकतो, फक्त दुसऱ्या लोकांबद्दल.

१९४६ साली आफ्रिकानेरांचं दरडोई उत्पन्न इंग्रजी भाषक गोऱ्यांच्या सुमारे ४७ टक्के होतं. १९६० मध्ये ते ६४ टक्क्यांवर गेलं, १९७६ मध्ये ७१ वर. तीस वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही.

मग काय बदललं? याचं तान्नींचं उत्तर ठरलेलं होतं: आम्हाला कुणी काही दिलं नाही, आम्ही स्वतःला स्वतः वर काढलं. यातला निम्मा भाग खरा आहे आणि तो खरोखर थक्क करणारा आहे. १९१५ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रासाठी नॅशनल प्रेस काढली. १९१८ मध्ये सानलाम आणि सांताम या विमा कंपन्या. १९३४ मध्ये फोल्क्सकास, सहकारी पतपेढी म्हणून सुरू झालेली बँक. १९३९ मध्ये ब्लूमफाँटेनला आर्थिक परिषद भरवली आणि शेतकऱ्यांचे, शिक्षकांचे, पाद्र्यांचे शिलिंग गोळा करून उद्योगात घातले. माझे वडील पतसंस्थेत होते. गावातल्या बायकांच्या बचतीतून दुकान कसं उभं राहतं हे मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे हे वाचताना माझा ऊर भरून यायचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक तरुणाने हा इतिहास वाचावा असं वाटायचं. त्याच नॅशनल प्रेसचं आजचं नाव नॅस्पर्स. तिने २००१ मध्ये चीनच्या टेन्सेंटमध्ये पैसे घातले आणि जगातल्या मोठ्या गुंतवणूकदारांत जाऊन बसली. २०१३ मध्ये आपली रेडबस ज्या समूहाने घेतली त्याच्यामागे तिचाच पैसा होता, स्विगीतही होता.

उरलेला निम्मा भाग तान्नींच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरच टांगलेला होता.

त्यांच्या वडिलांचा फोटो. रेल्वेची टोपी, गणवेशाची वरपर्यंत लावलेली बटणं, चेहऱ्यावर पहिल्या पक्क्या नोकरीचा ताठपणा. मागे रुळांच्या कडेला चार-पाच काळी माणसं फावडी घेऊन उभी, थोडी धूसर. वडील आधी बायवोनराचा मुलगा, मग रेल्वेत लागले, मग रेल्वेचं घर, मुलांना शाळा, तान्नी शिक्षिका, त्यांचा मुलगा इंजिनिअर. तीन पिढ्यांची ही वाट त्या नोकरीतून निघते. आणि ती नोकरी सरकारने दिलेली होती. १९२४ मध्ये पंतप्रधान हेर्टझोख यांच्या सरकारने 'सुसंस्कृत मजूर' नावाचं धोरण आणलं. सरळ अर्थ असा की रेल्वे, टपाल, नगरपालिका यांत काळ्या मजुरांना काढून तिथे गरीब गोऱ्यांना घ्यायचं, आणि तेही गोऱ्याला शोभेल अशा पगारावर. १९२८ मध्ये सरकारी पोलाद कंपनी इस्कॉर काढली, तिथेही तेच. त्याआधी १९११ च्या कायद्याने खाणीतली कसबाची कामं गोऱ्यांसाठी राखली होती आणि १९१३ च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांना जेमतेम ७ टक्के जमिनीत बसवलं होतं. १९४८ नंतर वर्णभेदाचं राज्य आलं तेव्हा सरकारी नोकऱ्या, कंत्राटं, सरकारी ठेवी, सगळं आफ्रिकानेर संस्थांकडे वळलं. शाळेत एका गोऱ्या मुलावर होणारा सरकारी खर्च सत्तरच्या दशकात काळ्या मुलावरच्या खर्चाच्या दहापटीहून जास्त होता.

हे आरक्षणच होतं. जे आधीच मतदार होते, जमीनदार होते, त्यांच्यातल्या गरिबांसाठी, आणि ज्यांना मतच नव्हतं त्यांच्या ताटातून काढून. बाबासाहेबांनी ज्यासाठी लढा दिला त्याच्या नेमकं उलट. म्हणून कुणी मला आफ्रिकानेरांचं उदाहरण देऊन "बघा, त्यांनी कुबड्या घेतल्या नाहीत" असं सांगितलं, की मला राहवत नाही.

इंग्रज वंशाच्या लोकांनीही यातून अंग काढून घेऊ नये. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगाराचा पणतू. तो अगदी मनापासून सांगायचा, वर्णभेद हे "त्यांचं" पाप, आमच्या घरात नेहमी विरोधी मत पडायचं. पडत असेलही. हेलन सुझमन संसदेत वर्षानुवर्षं एकट्या लढल्या हे खरंच आहे. पण केपमध्ये काळ्या शेतकऱ्यांना मजुरीला लावण्यासाठी १८९४ मध्ये ग्लेन ग्रे कायदा आणणारा तिथला पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स इंग्रज होता. सोन्याच्या खाणींचे मालक प्रामुख्याने इंग्रजी भाषक होते, आणि तिथल्या काळ्या मजुराची खरी मजुरी, महागाई वजा करून, १९६९ मध्ये १९११ पेक्षा वाढलेली नव्हती. अर्धं शतक! त्या काळात खाणीतून निघालेला नफा कुठल्या वंशाच्या गुणाने आला म्हणायचं?

आपल्या माणसांना तर हे दोघंही मिळून बाहेर ठेवत होते. १९१२ मध्ये गोखले तिथे गेले ते नाताळ प्रांतातल्या गिरमिटियांवरचा, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांवरचा, तीन पौंडांचा कर उठवा हे सांगायला. ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतात तर भारतीय माणसाला वस्ती करायची मनाई १८९१ पासून होती, ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

आज या दोन गोऱ्या समाजांतली दरी तिथे फारशी कुणी मोजत नाही. काही आफ्रिकानेर पुन्हा गरीब झाले आहेत. क्रुगर्सडॉर्पजवळच्या एका बागेत तंबू-झोपड्यांत राहणारी गोरी कुटुंबं वर्तमानपत्रांत यायची, आणि त्यांच्याबद्दल मला कणव आहे. पण २०११ च्या जनगणनेत गोऱ्या कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख ६५ हजार रँड होतं आणि काळ्या कुटुंबाचं सुमारे ६० हजार. सहापट. डच की इंग्रज या वादात ही सहापट मागे फोटोतल्या त्या माणसांसारखी धूसर होते.

तान्नींकडे कामाला येणाऱ्या बाई मामेलोडीहून यायच्या, पहाटे निघून, दोन टॅक्सी बदलून. मामेलोडी ही काळ्या लोकांना शहराबाहेर ठेवायला १९५३ मध्ये वसवलेली वस्ती. त्या आल्या की सिंकखालच्या कपाटातून आपला पत्र्याचा मग काढायच्या, निळी कड असलेला, एका जागी टवका उडालेला. बाकीचे कप वरच्या फळीवर. पहिल्याच आठवड्यात तो मग पाहिला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण असा वेगळा ठेवलेला कप मी आमच्या गावच्या घरी, मागच्या पडवीत, कोनाड्यात पाहिलेला आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी तान्नींना विचारलं, वडिलांच्या मागे उभी आहेत ती माणसं कोण? त्यांनी फोटो खिळ्यावरून काढला, खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून पाहिला. "वडिलांची टोळी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वडील लागायच्या आधी मुकादम यांच्यातलाच होता, असं आई सांगायची." कोणता, ते त्यांना माहीत नव्हतं. मागच्या दाराशी बाई कॉफी पीत होत्या. तान्नींनी फोटो तसाच हातात धरून त्यांना हाक मारली आणि टेबलापाशी बसायला सांगितलं. बाई आल्या, पण बसल्या नाहीत. तो पत्र्याचा मग हातात घेऊन उभ्याच राहिल्या.