बंद करून चालू

परवा एका पतसंस्थेच्या शाखेत चार कॉम्प्युटर मी मार्गी लावले आणि श्रेय मिळालं बाकड्यावर बसलेल्या एका काकांना. काका एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, मुदत ठेवीच्या व्याजासाठी आलेले. चहाही आधी त्यांनाच गेला.

मामला साधा होता. हिशोबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व्हरवर ठेवायची आणि तिथून ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम हुकूम सोडायच्या सोयीने, ती नऊही मशीनवर आपोआप उतरायची. पाचांवर उतरली, चारांवर नाही. एकाचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला, त्यामुळे लाइट गेली की तारीख थेट काही वर्षं मागे. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर ओळख देत नाही. दुसऱ्यावर १६०३. हा आकडा माझ्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही दिसतो. अर्थ काय, तर इन्स्टॉल करताना गंभीर बिघाड झाला. ते आम्हाला दिसतच असतं हो. मग लॉग, म्हणजे इन्स्टॉल होताना मशीनने लिहिलेली नोंदवही, उघडायचा, हजारो ओळींत ‘रिटर्न व्हॅल्यू ३’, म्हणजे काम जिथे फसलं ती खूण, शोधायचं आणि त्याच्या वरच्या ओळी डोळे फाडून वाचायच्या. निघालं काय, तर ज्या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर उतरायचं त्याची परवानगीच कुणीतरी काढून टाकलेली. कुणी? ‘आम्ही तर हातच लावत नाही.’

मी लॉगात डोकं घातलेलं असताना मागून आवाज आला.

“बंद करून चालू करा.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

“इंजिनिअर, तुम्हालाच म्हणतोय. डेपोत गाडी अडली की आम्ही काय करायचो? इंजिन बंद. एक बिडी. चालू.”

“काका, ही गाडी नाही.”

“गाडी नाहीच. गाडी असती तर एव्हाना सांगलीला पोचली असती.”

काउंटरच्या आतबाहेर सगळे हसले. कॅशियर तर नोटा मोजायचा थांबून हसला. आता काकांना प्रेक्षक मिळाले. मी कीबोर्डला हात लावला की “आता काय दाबलं?”, काळ्या खिडकीत कमांड दिली की “हे पांढरं काय धावतंय?” आणि मी गप्प राहिलो की बाकड्यावरच्या शेजाऱ्याला, “यांनाही कळेना झालंय बहुतेक.”

उरलेली दोन मशीन खरी गंमतीची. एरर नाही, लॉग नाही, काहीच घडलेलं नाही. कर्ज विभागाच्या मॅडमना विचारलं, तर त्या फणकारल्या, “मी रोज सहाला शटडाउन करूनच जाते. उगाच माझ्यावर ढकलू नका.” मी टास्क मॅनेजर उघडला. अप टाइम : ४१ दिवस. म्हणजे मशीनच्या हिशोबाने ते ४१ दिवस बंदच झालेलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर चोरीचा आळ आल्यासारखा भाव. पण बाई शंभर टक्के खरं बोलत होत्या. २०१२ साली विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शटडाउन दाबलं की आपली कामं बंद होतात, पण आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी तोच उठून बसतो. म्हणून मशीन झटकन चालू होतं. ग्रुप पॉलिसीचं सॉफ्टवेअर मात्र मशीन मुळापासून सुरू झालं तरच उतरतं. शटडाउन करून ते होत नाही, रीस्टार्ट केलं की होतं. बाकीच्या मशीनवर अपडेटच्या निमित्ताने अधूनमधून रीस्टार्ट दाबलं जायचं. मॅडम शिस्तीच्या, त्या शटडाउनच करायच्या.

मी रीस्टार्ट दाबलं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत असल्याची ओळ पडद्यावर उमटली आणि काका बाकड्यावरून उठले.

“मघापासून काय सांगत होतो?”

“काका, तुम्ही सांगितलं ते या रोजच करत होत्या. त्यानेच तर अडलं होतं. हे वेगळं आहे.”

“मशीन बंद झालं का?”

“झालं, पण—”

“चालू झालं का?”

“हो, पण आतला गाभा—”

“मग?” काकांनी सभागृहाकडे बघितलं. सभागृह काकांच्या बाजूने होतं. मॅडमसुद्धा, ज्यांना मी दोन मिनिटांपूर्वी निर्दोष सोडवलं होतं.

हसण्यावारी नेलं असतं, पण मॅनेजर साहेबांनी बिल हातात घेतलं. “बंद-चालू करायचे एवढे?” सेल, परवानगी, लॉग, सगळं पुन्हा सांगितलं. पण नेमकं काय दाबायचं हे कळायलाच पैसे लागतात, ही गोष्ट वकिलाच्या आणि डॉक्टरच्या बाबतीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कॉम्प्युटरवाल्याने मात्र पाच तास घाम गाळला तरच तो हुशार, पाच मिनिटांत केलं तर “काही नव्हतंच मुळी.” माझ्या एका मित्राने तर गिऱ्हाइकासमोर मुद्दाम वेळ काढायला सुरुवात केलीय आणि त्याची बिलं बिनबोभाट पास होतात.

शेवटी निम्म्यावर तोडलं. व्हाउचरवर तपशील काय घालायचा यावर पुन्हा खल. संगणक दुरुस्तीच्या खात्यात तरतूद संपली होती. कॅशियर म्हणाला, साफसफाईत शिल्लक आहे. तिथे बसवलं. ती बिलं महिनाअखेरीस निघतात, असं सांगून त्याने खिडकी बंद केली.