पनवेलला घर घेताय? घड्याळ घरी ठेवून या

पनवेल तालुक्यात घर घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. आता आधी किलोमीटर विसरा. आमच्याकडे अंतर मिनिटांत मोजतात. नवी मुंबईचा विमानतळ दहा मिनिटं, अटल सेतू पंधरा मिनिटं, स्टेशन पाच मिनिटं. ही मिनिटं कुणाच्या घड्याळातली, हे विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं. साईटवरचा मुलगा म्हणाला, "सर, पहाटे तीनला निघालात तर बरोब्बर पाच." तीनला लोकल नसते, पण तो रेल्वेचा प्रश्न, त्याचा नव्हे.

साईट बघायला रविवारीच जा. गाडी बिल्डरची, पेट्रोल बिल्डरचं, वडापावही बिल्डरचा. ऑफिसात शिरल्या शिरल्या काचेखाली मॉडेल दिसेल. झाडं स्पंजाची, पोहण्याचा तलाव निळ्या जिलेटिनचा, आणि वर छताला नायलॉनच्या दोऱ्यानं टांगलेलं खेळण्यातलं विमान. पंखा लावला की ते इमारतीभोवती घिरट्या घालतं. मी ते विमान २००९ साली पाहिलं आणि त्याच दुपारी टोकनचा चेक फाडला. "सर, तीन वर्षांत एअरपोर्ट." भूमिपूजन झालं २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं सुरू झाली २५ डिसेंबरला. म्हणजे सोळा वर्षं मी विमानतळाशेजारीच राहत होतो, फक्त विमानतळ नव्हता.

घरांच्या भावांना मात्र धावपट्टी कधी लागली नाही. विमानतळ येणार म्हणून ते चढले. काम अडलं तेव्हा 'हीच वेळ आहे, घेऊन ठेवा' म्हणून चढले. भूमिपूजनाला चढले, उद्घाटनाला चढले. बाजारात म्हैससुद्धा एकदाच विकली जाते हो. हा एकच विमानतळ मला चार वेळा विकला गेला, आणि पुढचं विमान कुठलं पकडायचं ते अजून ठरलेलं नाही. मेट्रोचंही तसंच. बेलापूर ते पेंधर, अकरा किलोमीटर. काम २०११ साली सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी धावली, तीही उद्घाटनाचा सोहळा न करता. इतक्या उशिरा नारळ फोडायची लाज वाटली असावी, असं आपलं मला वाटतं.

तर सॅम्पल फ्लॅट. तिथे पलंगावर आडवे पडू नका. पाय बाहेर येतात. कपाटांना दारं नसतात, कारण दार उघडलं की खोली संपते. भिंतभर आरसा असतो, त्यातली अर्धी खोली तुमची नाही. माझं घर बुकिंगच्या वेळी साडेसहाशे फूट होतं. चावी मिळाली तेव्हा टेप लावली, चारशे वीस भरलं. उरलेले दोनशे तीस जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गेटवरच्या कारंज्यात आहेत. रोज येता-जाता मी माझ्या वाट्याच्या कारंज्याकडे बघतो. ते कोरडं आहे. २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण आलं, कार्पेटवरच, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवरच भाव सांगायचा नियम झाला, नोंदणी नंबर मिळेपर्यंत बुकिंग घ्यायची बंदी झाली. त्यामुळे आता बुकिंग घेत नाहीत, 'इंटरेस्ट' घेतात. चेक तोच. तुम्ही नंबर विचारून वातावरण बिघडवू नका. मुलगा चहा सांगायला गेलेला असतो.

जमिनीबद्दल तर अवाक्षर काढू नका. "साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे, क्लिअर," एवढं ऐकून मान हलवायची. हे साडेबारा टक्के आले कुठून? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठी गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन भूमिपुत्रांना परत मिळू लागली. विमानतळासाठी आणखी दहा गावं उठली, उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. हे ब्रोशरमध्ये नसतं. ब्रोशरमध्ये 'हिल व्ह्यू' असतो.

पाण्याची काळजी नको. एप्रिल-मे महिन्यात ते दारात येतं, टँकरनं. पहाटे रिव्हर्स घेताना जे संगीत वाजतं त्याची सवय होते. मग ते वाजलं नाही की झोप लागत नाही.

आता तालुक्याचं आर्थिक भवितव्य. उज्ज्वलच आहे. पलीकडे उरणला जेएनपीए बंदर, इकडे तळोजा एमआयडीसी, मधे गोदामं आणि कंटेनर. घरं इथे, नोकऱ्याही इथेच, असं प्रत्येक होर्डिंगवर लिहिलेलं आहे. ते वाचायला निवांत वेळ मिळतो, कारण सकाळी अर्धी सोसायटी सीएसएमटी लोकलची विंडो धरायला धावत असते. गाडीनं जायचं तर अटल सेतू आहे, २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हाच एका फेरीचा टोल २५० रुपये. समुद्राची हवा त्यातच. कर्जाचंही छान आहे. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, एक टक्क्यानं उतरवला. माझ्या बँकेनं हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी केली. बायको म्हणाली, "म्हणजे महिन्याला किती वाचले?" मी विषय बदलला.

एवढं करूनही पनवेल परवडत नसेल तर नैना आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडको २०१३ पासून हा भाग बघते आहे. नाव अगदी योग्य ठेवलंय, कारण तिथले जमीनमालक तेव्हापासून डोळे लावूनच बसलेत. आणि त्याहीपुढे तिसरी मुंबई! कर्नाळा-साई-चिरनेर पट्ट्यातली १२४ गावं, एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती. चौथीचं नाव पालघरमधल्या वाढवण बंदराच्या बाजूला घ्यायला लागलेत, पण ती आपल्या मुलांसाठी ठेवू.

परवाच त्या मुलाचा फोन आला होता. आता तो मुलगा राहिलेला नाही, केस पांढरे झालेत, स्वतःची एजन्सी आहे. "काका, एअरपोर्टचा भाव आता संपला. चिरनेर बघा. लाँचिंग रेट आहे, तीन वर्षांत सगळं येतंय." मी ठणकावून सांगितलं, आता या वयात मला कोणी फसवू शकत नाही.

रविवारी सकाळी नऊला गाडी येतेय. नाश्ता त्यांचाच. मागच्या सीटवर एक जागा आहे, येता का?