पेलेट पडत नाहीत म्हणून मोटर बदलू नका

गेल्या थंडीपासून ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. ज्यांच्या घरी पेलेटची, म्हणजे दाबून बांधलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या जाळणारी, शेगडी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये तो सापडेल. ‘पेलेट शेगडी अडकली? मिस्त्री नको, हे करा’ असा त्याचा मथळा आहे आणि खाली सहा सूचना आहेत. पेलेट पडायचे थांबले तर मोटर जळाली समजा आणि बदला. ऑगरला, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला, खायचे तेल पाजा. हॉपर, म्हणजे पेलेट भरायची टाकी, नेहमी गळ्यापर्यंत भरलेला ठेवा, म्हणजे वजनाने पेलेट खाली सरकतात. पेलेट कोणतेही घ्या, सगळे सारखेच. परदेशातून आणलेल्या शेगडीला ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले. आणि शेवटची सूचना अशी, की प्रेशर स्विच उगाच त्रास देतो, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाका.

आपल्याकडे अशा शेगड्या अजून थोड्याच आहेत. कोणाच्या मुलाने बाहेरून पाठवलेली, कोणी इथेच जोडून घेतलेली. जवळपास दुरुस्ती जाणणारा माणूस मिळत नाही, म्हणूनच असा मेसेज लोक जपून ठेवतात. लिहिणाऱ्याचा हेतू मदतीचाच असावा. पण सहापैकी एकही सूचना जशीच्या तशी पाळण्यासारखी नाही, आणि शेवटची तर जिवावर बेतणारी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की पेलेट पडायचे थांबले तर आधी हवेचा रस्ता बघा, मोटरकडे मागाहून वळा. बऱ्याच वेळा शेगडी बिघडलेली नसते. धूर बाहेर जात नाही म्हणून ती स्वतःहून जळण घ्यायचे थांबवते.

आधी मोटर. हॉपरच्या तळाशी एक आडवा किंवा तिरका स्क्रू असतो, तोच ऑगर. गिअर लावलेली मोटर तो मिनिटाला जेमतेम काही फेरे एवढ्या संथ गतीने फिरवते. तोही सलग फिरत नाही. कंट्रोल बोर्ड काही सेकंद वीज देतो, काही सेकंद तोडतो, आणि या कमी-जास्तीवरच आच ठरते. त्यामुळे झाकण उघडून दोन क्षण पाहिले आणि स्क्रू थांबलेला दिसला, एवढ्यावरून मोटर मेली असे ठरत नाही. हॉपर पूर्ण रिकामा झाला असेल तर ऑगरची नळीही रिकामी होते. मग नव्याने पेलेट भरल्यावर ते जिथे जळतात त्या वाटीपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जातात, तोवर शेगडी ‘पेटली नाही’ म्हणून बंदही पडते. अशा वेळी पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय असतो.

खरी तपासणी कानाने होते. शेगडी सुरू करा, मोटरच्या बाजूला कान द्या आणि निदान दोन-तीन मिनिटे थांबा. मोटर घूं घूं करते पण फिरत नाही, किंवा थोडी पुढे जाऊन मागे झटका खाते, तर ऑगरमध्ये काहीतरी अडकले आहे किंवा गिअरचे दात गेले आहेत. मोटर फिरते आहे पण पेलेट पडत नाहीत, तर मोटर आणि ऑगर यांना जोडणारा सेट स्क्रू ढिला झाला असेल, नाहीतर हॉपरमध्ये वर पेलेट अडून खाली पोकळी झाली असेल. आणि मोटरचा आवाजच नाही, तर मोटरपर्यंत वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी. मेसेज या तिसऱ्या प्रकारात सरळ मोटर बदलायला सांगतो, आणि नेमक्या याच प्रकारात मोटर बहुतेक वेळा धडधाकट असते.

वीज का पोचत नाही? कारण ती वाटेत तीन-चार पहारेकऱ्यांकडून जाते. बऱ्याच मॉडेलमध्ये हॉपरच्या झाकणाला स्विच असतो, झाकण नीट बसले नाही तर ऑगर थांबतो. जास्त तापल्यावर तोडणारा थर्मल स्विच असतो, अनेकदा त्याचे छोटे बटण दाबून तो पूर्ववत करावा लागतो. आणि प्रेशर स्विच असतो. शेगडीतला धूर ओढून बाहेर फेकणारा पंखा आत थोडा कमी दाब तयार करतो. एका बारीक रबरी नळीतून तो दाब या स्विचपर्यंत पोचतो. दाब पुरेसा कमी झाला तरच स्विच ऑगरच्या मोटरला वीज देतो. धुराडे चोंदले, दाराच्या कडेची हवा अडवणारी दोरी झिजली, राखेचा ट्रे नीट बसला नाही, नळीला चीर गेली, यातले काहीही झाले की पेलेट बंद.

ग्वाल्हेरच्याच चिटणीस गोठीतल्या एका घरी हेच झाले होते. मेसेज वाचून त्यांनी नवी मोटर मागवली, बसवली, आणि शेगडी पुन्हा दहा-पंधरा मिनिटांत थंड. प्लग काढून, शेगडी गार झाल्यावर मी मागचे कव्हर उघडले. रबरी नळी ठीक होती. पण धुराच्या पेटीवर ती ज्या पितळी तोटीला बसते, त्या तोटीचे भोक राखेने बुजले होते. करडी, नमद्यासारखी घट्ट बसलेली बारीक राख. नळी काढली, पातळ तारेने तोटी मोकळी केली, पंख्याची पाती ब्रशने झाडली, नळी परत लावली. शेगडी पेटली आणि ऑगर फिरू लागला. मावशींनी विचारले, “अरे, म्हणजे जुनी मोटर चांगलीच होती का?” म्हटले, “चांगलीच होती मावशी, टाकली नसेल तर ठेवून द्या.” तोटी साफ करताना एक गोष्ट सांभाळा. स्विचच्या बाजूने नळीत जोरात फुंकू नका, आत पातळ पडदा असतो, तो फाटतो. नळी स्विचपासून सोडवूनच साफ करा.

दाराची दोरी तपासायला कागदाची पट्टी पुरते. शेगडी गार असताना पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा शिरते आहे. दाराच्या चारही बाजूंना असे करून बघा.

तेलाचा मुद्दा लवकर संपतो. ऑगरमध्ये पेलेटचा बारीक चुरा सतत असतो. तेल पडले की तो चुरा त्यात भिजून चिकट गोळा होतो आणि नळीच्या भिंतीला बसतो, म्हणजे आज कुरकुरणारा ऑगर आठवड्यात अडकतो. शिवाय आगीच्या इतक्या जवळ तेल कशाला न्यायचे? कुरकुर बहुधा स्क्रूच्या टोकाच्या बुशमध्ये, म्हणजे ज्या कड्यात तो फिरतो त्यात, चुरा शिरल्याने होते. हॉपर रिकामा करून व्हॅक्यूमने चुरा ओढून काढा. अगदीच लागले तर बुशला कोरडी ग्राफाइट पावडर.

हॉपर गळ्यापर्यंत भरण्याची सूचना वरवर पटते, म्हणूनच जास्त लोक ती पाळतात. पाण्याच्या टाकीत जितके पाणी उंच तितका तळाला दाब जास्त, हे आपण जाणतो. दाणेदार वस्तूचे तसे नसते. दाणे एकमेकांवर आणि भिंतीवर घासतात आणि वरचे बरेचसे वजन भिंतीच उचलतात. धान्याच्या उंच कोठारात एका उंचीनंतर तळाचा दाब जवळपास वाढत नाही, हे यानसेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९५ साली मोजून मांडले होते. दाल बाजारात जुन्या कोठीच्या तळाच्या झरोक्यातून गहू काढताना ज्याने पाहिले असेल, त्याला हे ठाऊक आहे. धान्य मध्येच अडते, वर कमान धरते आणि खाली हात रिकामा. पेलेटचेही तेच होते. लांब पेलेट एकमेकांत अडकतात, तळाशी चुरा साचतो, ऑगरच्या तोंडावर पूल तयार होतो आणि खाली पोकळी. वरून आणखी भरल्याने तो पूल मोडत नाही. मोडतो तो चुरा काढल्याने. एक-दोन पोती जळाली की हॉपर एकदा पूर्ण रिकामा होऊ द्या आणि तळ स्वच्छ करा. शेगडी चालू असताना हॉपरमध्ये काठी किंवा हात घालू नका. ऑगर संथ फिरतो पण बोट सोडत नाही.

आणि भरलेला हॉपर पावसाळाभर तसाच ठेवणे हा त्याच सूचनेचा दुसरा धोका आहे. पेलेट म्हणजे दाबून बांधलेला भुसा. ओल लागली की तो फुगतो, सुटतो आणि ऑगरच्या नळीत वाळून दगड होतो. मग स्क्रू बाहेर काढून खरवडावा लागतो, आणि जोर लावणाऱ्या मोटरचे गिअर खरोखरच जातात. होळीनंतर शेगडी बंद करताना हॉपर आणि ऑगर दोन्ही रिकामे करायला हवेत.

सगळे पेलेट सारखे, या म्हणण्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण आपल्या भागात हाच प्रश्न रोजचा आहे. घरगुती शेगडीसाठी युरोपात जे सर्वांत वरच्या दर्जाचे लाकडी पेलेट मानतात, त्यांची जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर, लांबी ४० मिलिमीटरच्या आत, ओल १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यांपर्यंत असावी लागते. शेगडीचा ऑगर, नळी आणि वाटीची भोके याच मापावर बेतलेली असतात. आपल्याकडे मिळणारे पेलेट बऱ्याचदा शेतातल्या उरलेल्या मालाचे असतात. मुरैना, भिंड, ग्वाल्हेर हा सगळा मोहरीचा पट्टा, तेव्हा मोहरीच्या तुडीचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचे, पेलेट स्वस्त आणि हाताशी. शेंगांच्या टरफलांचेही मिळतात. बॉयलरला, मोठ्या भट्टीला ते उत्तम आहेत, शेतातच जाळून टाकण्यापेक्षा कितीतरी बरे. पण त्यांची राख लाकडाच्या कितीतरी पट जास्त, आणि त्यात पोटॅशियम असल्यामुळे ती कमी तापमानाला वितळते.

वितळलेली राख वाटीच्या तळाशी जमून थंड झाली की तिचा काचेरी, भोकाभोकांचा तपकिरी खडा होतो. यालाच क्लिंकर म्हणतात. तो वाटीची हवेची भोके बुजवतो. हवा मिळेना म्हणून नवे पेलेट अर्धवट जळून त्यावर ढीग करतात, ढीग वर चढत चढत नळीच्या तोंडापर्यंत येतो. बाहेरून दिसते ते एवढेच की ‘पेलेट अडकले’. ढीग नळीत शिरला तर आग मागे हॉपरकडेही सरकू शकते. अशा पेलेटवर शेगडी चालवायचीच असेल तर रोज, शेगडी गार झाल्यावर, वाटी बाहेर काढून क्लिंकर फोडा आणि प्रत्येक भोक खिळ्याने मोकळे करा. फीड, म्हणजे पेलेट पडण्याचा वेग, वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट ढीग लवकर होतो.

पोते घेताना फार काही लागत नाही. मूठभर पेलेट पाण्यात टाका. नीट दाबलेला पेलेट बुडतो, तरंगणारा पोकळ असतो. पोत्याच्या तळाशी किती चुरा आहे ते बघा, आणि फार लांब पेलेट दिसले तर मोडून घाला.

ट्रान्सफॉर्मरच्या सूचनेत अर्धे खरे आहे. अमेरिकेतली किंवा कॅनडातली शेगडी १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्ट, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लागतोच. पण तो व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०. बऱ्याच शेगड्यांच्या साध्या एसी मोटरची गती फ्रिक्वेन्सीवर चालते, म्हणजे ऑगर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरतो. पेलेट कमी पडतात, आच मंदावते आणि घरचे म्हणतात फीड बिघडला. धूर ओढणारा पंखाही मंदावतो, मग प्रेशर स्विच काठावर येऊन पुन्हा पुन्हा तोडतो. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर ५० वर जास्त तापते. अशा शेगडीला ५० हर्ट्झच्या मोटरी बसवून घेणे हाच खरा उपाय. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर या मोटरी गुणगुणतात आणि तापतात.

आता प्रेशर स्विचच्या वायरी जोडण्याची सूचना. ती केली की पेलेट लगेच पडायला लागतात, हे खरे आहे. म्हणूनच लोकांना वाटते की दोष स्विचचाच होता. पण स्विचने ऑगर थांबवला होता तो धूर बाहेर जात नव्हता म्हणून. आता धूर तसाच कोंडलेला आहे आणि जळण मात्र पडत राहिले आहे. हवा कमी असताना जळणाऱ्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठले नाही, ही बातमी उत्तर भारतात दर थंडीत वाचायला मिळते. पंखा बिघडून थांबला, तरीही आतले पेलेट काही वेळ धुमसत राहतात. निदान त्या वेळी नवे पेलेट पडू नयेत, एवढे तरी शेगडीने पाहायला हवे ना?

स्विच खरोखर बिघडूही शकतो, पण त्याची पाळी धुराडे, पंखा, दार, ट्रे, नळी आणि तोटी तपासून झाल्यावर येते. तेव्हाही त्याच दाबाचा नवा स्विच बसवायचा, वायर जोडायची नाही. ज्या खोलीत शेगडी आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि झोपण्याच्या खोलीजवळ आणखी एक.

कोणी हा मेसेज वाचून वायरी आधीच जोडल्या असतील, तर आज रात्री शेगडी पेटवू नका. प्लग काढा, वायरी मूळ जागी लावा, आणि स्विच पुन्हा तोडू लागला तर त्या रात्री रजई घ्या. तो मेसेज कोणाला पाठवला असेल तर त्यांनाही फोन करून एवढे सांगा.