‘देवमाशाचं सरकार बघेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज आमच्या किनाऱ्यावरच्या ग्रुपांमध्ये फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. चौथ्यांदा पाठवणारा माझा सख्खा आतेभाऊ निघाला, म्हणून हे लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा आहे:

“आपल्या समुद्रात देवमासे नसतात, वाट चुकलेला एखादा येतो आणि मरतो. डॉल्फिन टनावारी मासळी खातात म्हणून आपली जाळी रिकामी येतात. देवमासा किनाऱ्याला लागला तर वनखात्याची वाट बघू नका, शेपटीला दोर बांधून पाण्यात ओढा, तो जातो पोहून. आणि देवमासे वाचवणं हे सरकारचं काम आहे. सामान्य माणसाच्या सह्यांनी आणि फोटोंनी काही होत नाही.”

एकेक वाक्य घेऊ.

“आपल्या समुद्रात देवमासे नसतात.”

नसते तर कोकणात ‘गादा’ हा शब्द आला कुठून? गादा म्हणजे डॉल्फिन, आणि डॉल्फिन हा देवमाशांच्याच कुळातला. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतो. पाहुणा नाही, इथलाच आहे. होडीचं इंजिन बंद करून गप्प बसलं की तो दिसायच्या आधी ऐकू येतो. ‘फूस्स’ असा श्वास सोडल्याचा आवाज येतो, मग कुबड वर येतं, मग पाठीवरचा छोटा पर. जगभरात तो धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

मोठ्या देवमाशांचं म्हणाल, तर २०१५ च्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळ्या देवमाशाची मादी पिल्लासकट दिसली होती. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि गावकऱ्यांनी तासन् तास धडपड करूनही गेला. जिथे लेकुरवाळी मादी फिरते, त्या पाण्याला ‘वाट चुकलेली जागा’ कसं म्हणायचं?

आणि अरबी समुद्रातल्या हंपबॅक नावाच्या मोठ्या देवमाशांची गोष्ट तर प्रत्येक कोकणी माणसाला माहीत हवी. जगातले बाकी हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात आणि हिवाळ्यात गरम पाण्यात वितात. आपले हंपबॅक कुठेच जात नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात एका हंगामात असे २४२ हंपबॅक मारले. ही शिकार चोरून केलेली होती, खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आले. त्यातून ही जात अजून सावरलेली नाही. ओमानच्या बाजूला शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानच्या अभ्यासकांनी लुबान नावाच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला आली, दक्षिणेकडे उतरत भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला गेली. लुबान म्हणजे अरबीत धुपासाठी जाळायचा सुगंधी डिंक. ती वाट चुकली नव्हती. तिला वाट पाठ होती.

“डॉल्फिन मासळी खातात म्हणून जाळी रिकामी.”

डॉल्फिन मासे खातो, हे खरंच आहे. बोय खातो, तारली खातो. पण तो हजारो वर्षं खातोय आणि आपले आजे-पणजे त्याच पाण्यातून टोपल्या भरून आणत होते. मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत नवं काय आलं? परससीन, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालणारी जाळी आली, बारीक आसाची, समुद्रातून ओढत न्यायची ट्रॉल जाळी आली, मासळी खेचायला रात्री समुद्रात दिवाळी करणारे एलईडी दिवे आले. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये परससीनवर निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली, ती काय डॉल्फिनमुळे? यासाठी आपल्याच पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले होते. आता तोच दोष गाद्याच्या माथी मारायचा, हे मला पटत नाही.

मोठ्या देवमाशांबद्दल तर उलटंच आहे. दक्षिण महासागरात विसाव्या शतकात देवमाशांची कत्तल झाली तेव्हा काहींना वाटलं, खाणारे गेले, आता त्यांचं खाद्य असलेली बारीक कोळंबी उतू जाईल. तसं झालं नाही. देवमासा खोल पाण्यात खातो आणि वर येऊन विष्ठा टाकतो. त्या विष्ठेतलं लोह आणि नत्र वरच्या उजेडातल्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना खत म्हणून मिळतं, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांवर मासे. शेणखत बंद केल्यावर शेतात काय उगवेल, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खरा हिशोब दुसऱ्या बाजूचा आहे. डॉल्फिन आपली जाळी रिकामी करत नाही, आपल्या जाळ्यात तो मरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिंदी महासागरात ट्यूनासाठी टाकलेल्या गिलनेटांत, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या जाळ्यांत, अडकून मेलेल्या डॉल्फिन-देवमाशांचा हिशोब मांडला. १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो. जाळ्यात अडकला की काही मिनिटांत बुडून मरतो, मासा असून नव्हे तर मासा नसल्यामुळे.

“शेपटीला दोर बांधून पाण्यात ओढा.”

हे वाक्य सगळ्यात घातकी, म्हणून इथे जरा थांबते.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या पुळणीवर एक गादा जिवंत लागला. मी पोचेपर्यंत गावातल्या पोरांनी शेपटीला दोर बांधून त्याला ओढत पाण्यात नेलं होतं. पोरांचा जीव त्यात होता, घामाने निथळत होती, सोडल्यावर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाऊण मैलावर खडकात मेलेला सापडला. मी टेप घेऊन मोजायला बसले. शेपटीच्या बुंध्याला दोर इतका रुतला होता की कातडी सोलून आतली पांढरी चरबी दिसत होती. एका बाजूचा पर खांद्यातून निखळला होता. पोटावर वाळूने खरचटलेल्या लांब रेषा. श्वासछिद्रात वाळू भरलेली. मी बोटाने काढली, तर आत आणखी होती. त्याला मारायचं कुणाच्या मनात नव्हतं. त्यांच्याकडे फक्त हा मेसेज होता.

पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला आपलं वजन पेलायची सवय नसते. वाळूवर आला की त्याचंच अंग त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडतं. चरबीचा थर असल्याने उन्हात तो आतून तापत जातो. शेपूट म्हणजे त्याचं इंजिन, तिथेच इजा झाली तर पाण्यात गेला तरी पोहणार कशाने? शिवाय तो किनाऱ्याला का लागला, आजारी आहे का, जखमी आहे का, आईपासून तुटलेलं पिल्लू आहे का, हे बघितल्याशिवाय ढकलणं म्हणजे डोळ्यांआड करणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं, ते आठवा. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल सगळे दिवसरात्र राबले. शेवटी बोटीने ओढून खोल समुद्रात सोडलं, तरी ते पुन्हा किनाऱ्याला आलं आणि गेलं. आईचं दूध पिणारं पिल्लू एकटं जगत नाही. तमिळनाडूत मनपाडला जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीच्या वर पायलट देवमासे एकदम किनाऱ्याला आले. लोकांनी पाण्यात ढकलले, त्यातले कितीतरी परत वाळूवर आले, ४५ मेले.

मग करायचं काय? आधी फोन. वनखात्याचा १९२६, तटरक्षक दलाचा १५५४. माणसं येईपर्यंत प्राणी पालथा, म्हणजे पोट खाली ठेवायचा. जुनी साडी नाहीतर चादर ओली करून अंगावर टाकायची, पण डोक्यावरचं श्वासछिद्र उघडं ठेवायचं, त्यात पाणी नाही, वाळू नाही. बाजूच्या परांखालची वाळू उकरायची, म्हणजे ते मोडत नाहीत. ऊन असेल तर सावली धरायची. गर्दी आणि सेल्फी लांब. हे करायला शिक्षण लागत नाही, दोन साड्या आणि चार शहाणी माणसं लागतात. कोकणात ती असतात.

(आणि मेलेल्या देवमाशाच्या पोटात ‘उलटी’ (अत्तरात वापरला जाणारा महागडा अंबरग्रीस) शोधायला सुऱ्या घेऊन येणाऱ्यांसाठी: ती फक्त स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनते, तीही क्वचित, आणि ती जवळ बाळगणं हा भारतात गुन्हा आहे.)

“सामान्य माणसाने काही होत नाही, ते सरकारचं काम.”

कायदा आहेच. सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. पण कागद एकटा काय करतो, ते मालवणात बघा. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांना विश्वासात घेतलं नाही, त्यांनी विरोध केला, आणि ते वर्षानुवर्षं बहुतेक कागदावरच राहिलं.

आता गुजरातकडे बघा. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्क मारले जायचे. (व्हेल शार्क हा देवमासा नव्हे, खराखुरा मासा आहे, पण गोष्ट इथे लागू पडते.) २००१ मध्ये कायद्याने संरक्षण आलं. फरक पडला तो २००४ नंतर. रामकथाकार मोरारीबापूंनी गावोगावी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. ‘व्हाली’ म्हणजे लाडकी, असं नावच पडलं. मग ज्यांनी ती मारली असती त्याच खारव्यांनी, म्हणजे तिथल्या मच्छीमारांनी, स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. कायदा दिल्लीत झाला, जाळ्यावर सुरी मच्छीमाराने चालवली.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून तशी योजना आहे. जाळं कापून कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क सोडला आणि त्याचा फोटो नाहीतर व्हिडिओ दिला, तर वनखात्याच्या कांदळवन कक्षातर्फे २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मेसेजवाला म्हणतो फोटोने काही होत नाही. इथे तो फोटोच पुरावा आहे. मोठ्या जाळ्याचं नुकसान त्यापेक्षा जास्त असू शकतं, तेव्हा ही रक्कम वाढायला हवी आणि लवकर हातात पडायला हवी, असं मला वाटतं. त्यासाठी भांडू या, मी सोबत आहे.

सह्यांचं म्हणाल, तर १९७० साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हंपबॅकची गाणी लोकांपुढे आणली, आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता ते लोकही रस्त्यावर उतरले. विसाव्या शतकात जवळजवळ २९ लाख देवमासे मारले गेले होते. १९८२ मध्ये देवमाशांच्या शिकारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, १९८६ पासून ते लागू झालं. त्याआधीच १९७९ मध्ये सेशेल्सच्या पुढाकाराने हिंदी महासागर अभयारण्य ठरला होता, आपला किनारा त्यातच येतो. ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक विसाव्या शतकाच्या मध्याला काही शेकड्यांवर आले होते, आता वीस हजारांच्या वर आहेत. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला आणि पुन्हा शिकार करतोय, म्हणजे काम संपलेलं नाही. पण ‘काही होत नाही’ हे खोटं आहे.

आता आतेभावाला दोन शब्द. दादा, तू हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट नेतोस. कळप दिसला की तीन-तीन बोटी घेरतात, मध्ये पिल्लू असतं. पुढच्या फेरीला पन्नास-साठ मीटरवर इंजिन बंद कर आणि पर्यटकांना गप्प बसायला सांग. पळणाऱ्या गाद्याची शेपटी दिसण्यापेक्षा त्याचा श्वास ऐकू आला, तर ती माणसं पुढच्या वर्षी तुझ्याच बोटीत बसतील. आणि मोबाइल काढशील तेव्हा पाठीवरच्या पराचा एक नीट फोटो घे, बाजूने, तारीख आणि जागा लिहून. परावरचे खाचे-ओरखडे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून कोण कोण इथे राहतं हे मोजता येतं. मला पाठव, मी पुढे अभ्यासकांना देते.