मागवला रूसो, आला भलताच : दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा आणि खालचा मजकूर वाचला. तुम्ही तत्त्वज्ञ रूसोचं चित्र मागवलंत, बाबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर कागद फाडला, आतून 'फरच्या टोपीतला कुणी सुकामेवा विकणारा' निघाला, आणि बाबांच्याच एका सहकाऱ्यांनी विचारलं, हे कोण? राज्यशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या घरी असं व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. शिवाय प्रिंट काळपट आहे आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात फट आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

फटीबद्दल वाद नाही. तुमच्या फोटोत ती स्वच्छ दिसते. पट्टी ओलसर असताना कापली की सुकल्यावर कोपरा उघडतो. पॅक करण्याआधी एकदा बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. ते मी केलं नाही. नवी फ्रेम आमच्या खर्चाने.

आता माणसाबद्दल. तो रूसोच आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातला रूसो असणार: पावडर लावलेला विग, राखाडी कोट, ओठांवर जरासं हसू. ते मॉरिस काँतँ द ला तूरचं पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंचं चित्र, १७५३ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनातलं. मी पाठवलं ते अ‍ॅलन रॅमसे या स्कॉटिश चित्रकाराने १७६६ साली लंडनमध्ये केलेलं तैलचित्र. मधल्या तेरा वर्षांत या माणसाचं काय काय झालं होतं! १७६२ मध्ये 'सामाजिक करार' आणि 'एमिल' ही त्याची पुस्तकं आली आणि पॅरिसहून अटकेचा हुकूम निघाला. तो पळाला. स्वित्झर्लंडकडच्या मोतिए गावात राहिला, तिथेही १७६५ मध्ये लोकांनी घरावर दगड मारले. फरची टोपी आणि लांब झगा हा वेश त्याने त्याच गावात धरला. आर्मेनियन पद्धतीचा वेश. हौस कमी, गरज जास्त: त्याला मूत्रविकाराचा जुना त्रास होता आणि तंग विजारीपेक्षा झगा सोयीचा. पुढे डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्याला इंग्लंडला आणलं, तेव्हा लंडनच्या रस्त्यातही तो याच वेशात हिंडायचा. तिथल्या लोकांनाही तो सुकामेवा विकणाराच वाटला असेल कदाचित.

काळपटपणाचं म्हणाल तर तो आमच्या शाईचा नाही, रॅमसेचा आहे. मागची भिंत काळोखी, झगा तपकिरी, टोपी जवळपास काळी, उजेड काय तो चेहऱ्यावर, आणि तोही सगळ्या चेहऱ्यावर नाही. आमच्या मशीनवरच्या मुलाने पहिल्यांदा हे छापताना न विचारता उजेड वाढवला होता. टोपीवरचे केस पुसले गेले, भिंत पाणी घातलेल्या चहासारखी झाली आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोळे गेले. ती प्रिंट अजून दुकानात आहे, आलात की दाखवतो. या चित्रात सगळं आहे ते त्या डोळ्यांत. मान वळवून तो आपल्याकडे बघतो, आणि आपण त्याचे मित्र की शत्रू हे त्याचं अजून ठरलेलं नसतं.

एक सांगू का, तुमच्या आधी याच चित्रावर याहून कडक अभिप्राय आलेला आहे, आणि तो खुद्द रूसोचा. काही महिन्यांतच त्याचं आणि ह्यूमचं कडाक्याचं भांडण झालं. मग त्याला हे चित्रही कटाचा भाग वाटू लागलं. मला मुद्दाम काळोख्या जागी उभं केलं, बुटक्या टेबलावर हात टेकवून वाकायला लावलं, आणि शेवटी माझा सायक्लोप्स करून टाकला, अशी त्याची तक्रार. सायक्लोप्स म्हणजे ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस. चित्र मात्र ह्यूमच्या घरात राहिलं. रॅमसेने त्याच वर्षी ह्यूमचंही चित्र केलंय: लाल कोट, सोनेरी जर, हात पुस्तकांवर टेकलेला, समाधानी गुबगुबीत गृहस्थ. दोन्ही आज एडिनबरामध्ये आहेत. ती शेजारी शेजारी ठेवली की रूसोची चिडचिड थोडी पटते, हेही कबूल करतो.

खरी चूक वेगळीच झाली. तुम्ही व्हॉट्सॲपवर 'रूसोचं चांगलं चित्र, बाबांसाठी' एवढंच लिहिलंत आणि मी माझ्या आवडीचं निवडून मोकळा झालो. आधी फोटो पाठवून विचारायला हवं होतं. निदान मागच्या हार्डबोर्डवर चित्रकाराचं नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी तरी लावायला हवी होती. म्हणजे त्या सहकाऱ्यांना बाबांनीच उत्तर दिलं असतं. परवापासून प्रत्येक प्रिंटमागे चिठ्ठी लावतोय.

तर असं करू. ला तूरचा विगवाला रूसो हवा असेल तर त्याच १८ बाय २१ मापात बदलून देतो, पैसे नकोत. पेस्टल असल्यामुळे त्याला मॅट कागद घेईन, चकचकीत नाही. पण ठरवण्याआधी एकदा बाबांना विचारा. त्यांना रॅमसेचाच ठेवावासा वाटला तर फक्त फ्रेम बदलू आणि चिठ्ठी लावून देऊ. फोनवर आमचा माणूस तुमच्याशी तोडून बोलला, त्याबद्दल माफी मागतो. तो फोन मीच उचलला होता.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी कधीही या. गाडीतून आणताना चित्र आडवं ठेवू नका, काच आहे.

– दुकानमालक