कादंबरी पुन्हा रुळावर आणण्याची खात्रीशीर रीत

चौदा वर्षांपूर्वी अर्ध्यावर टाकलेली कादंबरी पुन्हा हाती घ्यायची असेल, तर एक पथ्य कडक पाळा. लगेच लिहायला बसू नका. घाईनं कादंबऱ्या पूर्ण होतात.

आधी मुहूर्त पाहा. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कूलरपुढं कागद उडतात आणि कूलर बंद केला तर लेखक उडतो. पावसाळ्यात त्याच कूलरचा दमटपणा सहन होत नाही. मग पोळा येतो. दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक असते. तिथं जाऊन ‘आळस घेऊन जा गे मारबत’ असं घसा फुटेस्तोवर ओरडून यावं. मारबत तो नेतेही बिचारी, पण संध्याकाळपर्यंत तो पायी घरी परत येतो. राहता राहिली थंडी. थंडीत गच्चीवर संत्री सोलायची की लिहायचं, हे तुम्हीच सांगा.

दरम्यान गावभर सांगून ठेवा. धरमपेठेत तर्री-पोह्याची प्लेट हातात असताना सांगितलेलं सगळ्यांत लवकर पसरतं. “काय भाऊ, होऊन राहिली का पुरी?” असं कुणी विचारलं की “शेवटचा हात फिरवून राहिलो” म्हणायचं. हे पाच-सहा जणांना सांगून झालं की लिहून झाल्याचं समाधान आपोआप मिळतं, आणि तर्रीही पुन्हा घेता येते. उशिराची चिंता नको. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालचा आहे. ज्यांनी शंभरी पाहिली, ते तुमच्यासाठी अजून थोडं थांबतील.

आता जुनी फाईल उघडा. पडद्यावर डॉलर, कंस, टोप्या आणि प्रश्नचिन्हं दिसतील. घाबरू नका, ही तुमची शैली नव्हे. युनिकोड घरोघर येण्याआधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट गेला की सोंग उतरतं. कन्व्हर्टर मिळतो, पण तो नायिकेच्या ‘दिवसा’ची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटवतो आणि ‘सूर्या’चा रफार हवेत सोडतो. दोनशे पानांतल्या वेलांट्या एकेक करून जागेवर आणा. मला तीन आठवडे लागले. बायकोनं विचारलं, “अहो, लिहून राहिले का खेळून राहिले?” मी मान न वळवता म्हणालो, “लिहून राहिलो.” वेलांटी हे लेखनच आहे.

मग वाचायला घ्या. इथं खरी गंमत आहे. माझी सुमती दहाव्या प्रकरणाच्या शेवटी नवऱ्याचं घर सोडून निघते. इतवारी स्टेशनावर पहाटे उभी आहे, नागभीडची नॅरोगेज धरायला. पिशवीत लुगड्याच्या घडीत चार हजार रुपये, सगळे पाचशेच्या नोटांत. २०११ च्या दिवाळीत मी तिला तिथं उभी करून फराळाला उठलो.

२०१६ च्या नोव्हेंबरात तिच्या नोटा रद्द झाल्या. २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायचं म्हणून ती नॅरोगेजच बंद झाली. अडीच फुटांचे ते रूळ, उमरेड-भिवापूरकडे हलत-डुलत जाणारे ते डबे, सगळं गेलं. स्टेशनाच्या नावापुढंही आता नेताजी सुभाषचंद्र बोस लागले. ज्याच्यासाठी ती निघाली, तो मुंजे चौकात मोकळ्या आभाळाखाली वाट पाहणार होता; तिथं आता डोक्यावरून मेट्रो जाते. आणि दोघांचा सगळा प्रेमव्यवहार मिस्ड कॉलवर! आजच्या पोरांना त्याच्या तळटीपा द्याव्या लागतील.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझी कादंबरी समकालीन होती, ती एकही ओळ न लिहिता ऐतिहासिक झाली. लोक अशासाठी वर्षानुवर्षं दफ्तरं धुंडाळतात. तुम्हीही अजून दहा वर्षं काढलीत तर कुणी पुराणकथाही म्हणेल.

पहिल्या प्रकरणाचं मात्र विसरू नका. ते रोज सकाळी नव्यानं लिहायचं. माझं पहिलं प्रकरण आता इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर वाचकाची नजर ठरत नाही. नायक त्यात गोरा आहे, तिसऱ्यात सावळा. मधल्या काळात ऊन लागलं असेल, नागपूर आहे.

परवा रात्री मात्र चूक झाली. वेलांट्या संपल्या होत्या, बायको माहेरी होती, पोहेवाला बंद. मी सरळ दहाव्या प्रकरणाच्या शेवटी गेलो. सुमती तशीच उभी. म्हटलं, चौदा वर्षं झाली, माय, बस तरी. आणि एक वाक्य लिहिलं: ‘सुमती बाकावर बसली.’

आता बाक लाकडी होता की सिमेंटचा, हे बघायला उद्या इतवारीला जाऊन येतो.